देसूरला काय पाहायचं?

ज्वालामुखीचं तळं पाहायला माणसं फार लांब जातात. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर केलिमुतूच्या माथ्यावर तीन रंगांची तीन तळी आहेत. सूर्योदयाआधी वर पोचायचं म्हणून जगभरातले प्रवासी तिथे अंधारात चढतात. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये माझामा नावाचा पर्वत सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी स्फोट होऊन आतल्या आत ढासळला. त्या खळग्यात साठलेलं पाणी ५९४ मीटर खोल आहे. बेळगाव-निपाणीकडची मंडळीही आता अशा सहलींना जाऊ लागली आहेत. निळंशार पाणी, कठडा, कठड्याला टेकून हसणारे काका-काकू, असे फोटो घरच्या ग्रुपवर येतात. जावं की, हौसेला मोल नाही. गंमत वाटते ती एवढ्याचीच, की ज्या रस्त्याने ही मंडळी सांबऱ्याच्या विमानतळावर पोचतात तो रस्ताही ज्वालामुखीच्याच मुलखातून जातो, आणि त्याकडे कुणी खिडकीतून बघतसुद्धा नाही.

बघणार तरी काय, हा प्रश्न रास्त आहे. शाळेत ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर आणि त्याच्या तोंडातून निघणारा धूर हेच चित्र असतं. आपल्याकडे तसं काही नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर आला तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. एकेका उद्रेकात हजार घनकिलोमीटरहून जास्त रस वाहून गेल्याचे अंदाज आहेत. त्याचे काही लोट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे जवळपास हजार किलोमीटर गेले असावेत असं अभ्यासक मानतात. तुलनेला आइसलंडचं लाकी घेता येईल. तिथे १७८३ मध्ये पंचवीसेक किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिने ओकत राहिली. त्यातून आला साधारण पंधरा घनकिलोमीटर लाव्हा. तेवढ्यानेही गुरं मेली, कुरणं विषारी झाली आणि त्या देशातला दर पाचवा माणूस दुष्काळात गेला. आपल्याकडे झालेलं प्रकरण त्याच्या कित्येक पटींनी मोठं होतं, आणि ते पाहायला माणूस नव्हता हे बरंच झालं. आजही त्या रसाचा थिजून झालेला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. पण भेगेतून आलेला रस पाण्यासारखा सपाट पसरतो. शंकू उभा राहत नाही. शंकू नाही म्हणून तोंड नाही, आणि तोंड नाही म्हणून त्यात तळंही नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या लाव्हा-प्रदेशांपैकी एकात राहून आपल्याला ज्वालामुखीचं तळं पाहायला परदेशी जावं लागतं, ते यामुळे.

यावर कुणी लोणारचं नाव घेईल. बेसाल्टमध्ये पडलेला, जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो गोल खळगा पाहिला की कुणालाही ज्वालामुखीचं तोंडच वाटेल. १८२३ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, तेव्हापासून पुढचं शतकभर बहुतेक जाणकारांनाही तसंच वाटत होतं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच दाखवली गेली आणि खळगा उल्केचा ठरला. लोणारला सांगितल्या जाणाऱ्या लवणासुराच्या कथेतला दैत्यसूदन बाहेरून येतो आणि असुराचं बिळ उघडं पाडतो. शास्त्रज्ञ मात्र बराच काळ कारण खाली शोधत होते. कथेला भूशास्त्र कळत होतं असं मी म्हणणार नाही, पण हा योगायोग मला आवडतो. खऱ्या ज्वालामुखी-तळ्याशी महाराष्ट्राचं नातं शोधायचंच तर ते राखेतून सापडतं. पुणे जिल्ह्यात कुकडीच्या काठी बोरीला जी राख मिळाली, ती सुमात्रातल्या टोबाची मानली जाते, आणि टोबाच्या खळग्यात आज भलंमोठं सरोवर आहे.

तळं नाही हे एकदा मान्य केलं, की आपल्याकडचा ज्वालामुखी कसा दिसतो ते पाहता येतं. तो आडवा दिसतो. बेळगावहून चंदगडकडे निघालं की महिपाळगड, कलानंदीगड, पुढे पारगड, सगळ्यांचे माथे सपाट. चढताना पायऱ्यांसारखे टप्पे लागतात: कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. एकावर एक थंडावलेले थर झिजत गेले तेव्हा घट्ट थरांचे कडे झाले आणि ठिसूळ थरांच्या सपाट्या. गड बांधणाऱ्यांना हे भूशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळत होतं. तासलेला कडा म्हणजे फुकटची तटबंदी आणि वरची सपाटी म्हणजे शिबंदीला जागा. पारगडावर तानाजींचा मुलगा रायबा किल्लेदार होता, हे तिथे गेलेला प्रत्येक जण सांगतो. त्या गडाचा माथा मुळात सपाट का, हे मात्र कुणी विचारत नाही. चंदगडच्या शाळेतलं पोरही चित्रकलेच्या वहीत डोंगर काढतं तो त्रिकोणी, आणि दोन त्रिकोणांच्या मधून सूर्य. खिडकीबाहेर एकही त्रिकोण नसतो.

या थरांचे गट भूशास्त्रज्ञांनी रसायनावरून पाडले आणि जिथे ते नीट दिसले त्या गावांची नावं त्यांना दिली. जव्हार, इगतपुरी, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. थर दक्षिणेकडे किंचित कलते आहेत, त्यामुळे दक्षिणेला यावं तसा दगड वयाने तरुण होत जातो. या यादीतलं सगळ्यात वरचं नाव आहे देसूर. बेळगाव-खानापूर रेल्वेमार्गावरचं हेच ते देसूर. जव्हार-इगतपुरीपासून सुरू झालेली गोष्ट या भागात येऊन संपते. जगातल्या भूशास्त्राच्या संशोधनपत्रांत ज्या गावाचं नाव छापलं जातं, तिथे बेळगावचा माणूस पाहायला म्हणून कधी उतरत नाही. मीही गाडीत बसल्या बसल्याच ते पुष्कळदा मागे टाकलेलं आहे.

लाव्हा संपतो म्हणजे काय होतं, ते पाहायचं तर गोकाककडे जावं. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली उडी घेते. पावसाळ्यात धबधब्याचा तांबूस पडदा, झुलता पूल आणि ऐकू न येणारी बोलणी. ज्या दगडावरून ती कोसळते तो बेसाल्ट नव्हे. तो कलादगी गटाचा वालुकाश्म आहे, शंभर कोटी वर्षांहून जुना. लाव्हा पसरत आला तेव्हा हा दगड इथे आधीच म्हातारा होऊन बसला होता. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने दक्षिण महाराष्ट्राच्या भूरचनेवरचा आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. बैलगाडी आणि घोड्याच्या काळात या माणसाने काळा दगड कुठे थांबतो आणि तांबूस दगड कुठे सुरू होतो ते गावोगाव फिरून टिपलं.

सीमाभागावर लिहिणाऱ्याला इथे एक सोपा मोह होतो. नद्यांना, दगडांना, पाखरांना सीमा नसते, असं म्हणून मोकळं व्हायचा. मला तो पटत नाही. दगडालाही सीमा आहे, आणि ती इथूनच जाते. राज्यांची सीमा १९५६ मध्ये आखली गेली, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, वाद अजून न्यायालयात आहे. दगडाची सीमा त्याहून फार जुनी, आणि मातीचा रंग, विहिरीची खोली, पीक, घराची भिंत हे सगळं तिच्याप्रमाणे बदलतं. या दोन सीमा एकमेकींना जुळत नाहीत, एवढंच. लोणारच्या पत्रकात आणि कर्नाटक पर्यटनाच्या पत्रकात आपापल्या राज्याचा नकाशा रंगवलेला असतो आणि शेजारचं राज्य पांढरं सोडलेलं. तिलारीचा घाट, कोदाळी, चोर्ला, जांबोटीजवळचा वज्रपोहा, आंबोली, हा सगळा एका दमात फिरायचा मुलूख या कोऱ्या जागांमुळे महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा अशा तीन तुकड्यांत मोडतो. बेळगावच्या पोरांच्या दुचाक्या मात्र पाऊस सुरू झाला की तिन्ही तुकड्यांतून हुंदडतात. कितवाडसारख्या ठिकाणी पाण्याने जीवही घेतले आहेत, तेव्हा हुंदडण्याबद्दल फार कौतुकाने लिहायचं धाडस होत नाही.

आता पाण्याकडे वळतो, कारण खरं सांगायचं आहे ते त्याबद्दल. या मुलखात ज्वालामुखीचं पाणी खळग्यात साठत नाही, मग साठतं कुठे? लाव्ह्याच्या माथ्यावर लाखो वर्षं मुसळधार पाऊस पडत राहिला. पावसाने दगडातली सिलिका धुऊन नेली. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजे आपला जांभा. जमिनीत असतो तोवर मऊ, कुऱ्हाडीने तोडता येणारा, आणि उन्हावाऱ्यात पडला की कडक. बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांच्या भिंती आणि विहिरींचे काठ त्याचे आहेत. आंबोळीला पडते तशी त्याला आरपार जाळी असते. पाऊस त्या जाळीतून खाली मुरतो, तळाच्या चिकण थरावर अडतो आणि कड्याच्या बाजूने झरा होऊन बाहेर येतो. डोंगराच्या सगळ्यात वरच्या भागात, जिथे नदी नाही, ओढा नाही, तिथे ऐन उन्हाळ्यात पाणी सापडतं ते यामुळेच. गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर जांभ्यात खोदलेल्या विहिरींत उतरून पाहावं. निपाणीहून गारगोटीला जाऊन भुदरगड चढावा. माथ्यावर एवढा मोठा तलाव आहे की गडावर उभे आहोत हे विसरायला होतं, आणि त्याचं पाणी दुधट रंगाचं. त्याला नावच दूधसागर.

बेळगाव शहराचीही तीच गोष्ट. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा हजारो माणसांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली. तिला लोक आजही काँग्रेस विहीर म्हणतात. नंतर नळ आले, राकसकोप जलाशयाचं पाणी आलं, आणि गल्लीगल्लीतल्या जुन्या विहिरी कचऱ्याने भरत गेल्या. १९९५ च्या टंचाईत शहराला त्यांची आठवण झाली. गाळ उपसला, कचरा काढला, तर खाली पाणी होतंच. माझ्या मते बेळगावचं ज्वालामुखी-तळं हे आहे. त्याला काठ नाही, व्ह्यू पॉइंट नाही. ते घरांच्या आणि रस्त्यांच्या खाली, तांबड्या दगडाच्या भोकाभोकांत पसरलेलं आहे, आणि पाहायचं तर पोहरा सोडून पाहावं लागतं.

याच दगडाला दुसरं गिऱ्हाईक आहे. ज्या जांभ्यात ॲल्युमिनियमचं प्रमाण जास्त तो बॉक्साइट. राधानगरी आणि चंदगड तालुक्यांतल्या सड्यांवरून, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवरून, तो खणून बेळगावच्या कारखान्यात आणला गेला. जुनी माणसं त्या कारखान्याला अजून इंडालच म्हणतात. त्या कारखान्याने या भागातल्या कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, आणि स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियमचं भांडं टाकून द्या असं सांगणारा मी कोण? तरीही हिशेबात एक गोष्ट येत नाही. सडा उजाड दिसतो, म्हणून तो निरुपयोगी जमिनीत धरला जातो. वरचा जाळीदार थर काढून नेला, खड्डा बुजवला, झाडंही लावली, तरी पाणी धरून ठेवणारी ती रचना पुन्हा होत नाही. ती व्हायला लाखो वर्षं आणि तेवढेच पावसाळे लागले. खालच्या वाडीतला झरा मार्गशीर्षातच आटला तर त्याचं कारण वर तीन मैलांवर असू शकतं, आणि ते सिद्ध करणं वाडीच्या कुवतीबाहेरचं असतं.

उजाड दिसणाऱ्या जागेत काय काय असतं हेही बघायला कुणी थांबायला हवं. चोर्ल्याच्या परिसरात पाय नसलेला, मातीत राहणारा एक उभयचर प्राणी सापडला. त्याचं शास्त्रीय वर्णन २००७ मध्ये झालं आणि म्हादई नदीवरून त्याचं नाव ठेवलं गेलं. मराठीत या गणगोताला देवगांडूळ म्हणतात. एवढ्या अलीकडे, बेळगाव-गोवा रस्त्याच्या इतक्या जवळ नवा प्राणी निघतो, आणि त्याच रस्त्यावर गाड्या थांबवून माणसं पुढच्या पॉइंटची चौकशी करत असतात.

पॉइंट या प्रकाराबद्दलच माझी तक्रार आहे. कुठे उभं राहायचं आणि कुठे बघायचं हे आधीच ठरवून देणारी ती जागा. तिथे कठडा असतो, मक्याचं कणीस असतं आणि ‘झालं बघून’ म्हणायची सोय असते. ज्वालामुखीचं तळं हा त्यातला उत्तम नमुना, कारण ते गोल असतं, रंगीत असतं, एका फोटोत मावतं. आपला ज्वालामुखी एका फोटोत मावत नाही. त्याच्यासाठी चंदगडचे टप्पे, देसूरचा दगड, गोकाकचा म्हातारा वालुकाश्म आणि टिळकवाडीतली विहीर एकमेकांना जोडावी लागतात, आणि ते काम डोळ्यांपेक्षा डोक्याला जास्त करावं लागतं. त्यात थरार नाही हे मान्य. पण केलिमुतूहून परतलेला माणूस सांबऱ्याला उतरतो तेव्हा त्याच्या पायाखाली जे असतं, त्यापुढे केलिमुतू हे अगदीच किरकोळ प्रकरण आहे.

मग देसूरला निदान एक पाटी तरी असावी का? लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे, कर्नाटकात मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांवरच्या लाव्ह्याच्या खांबांनाही आहे. देसूरला खांब नाहीत, खळगा नाही, साधा काळा दगड आहे. पाटी लागली की गाड्या थांबतील, गाड्या थांबल्या की कणीस येईल, आणि मग देसूर पॉइंट व्हायला वेळ लागणार नाही. त्यामुळे माझं मन दोन्हीकडे ओढतं. तशी काळजीही नको, कारण बेळगावात पाटीवर काय लिहायचं याच्या आधी ती कोणत्या लिपीत लिहायची हे ठरावं लागतं. दुकानांच्या फलकांना साठ टक्के कन्नडचा नियम आहे. तोच इथे लावला, तर उरलेल्या चाळीस टक्क्यांत इंग्रजी, जमलं तर मराठी, आणि सहा कोटी साठ लाख वर्षं बसवायची आहेत.