आजचं चिंतन : दैव पाचवं आहे



आजच्या वाचनात गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक आला. माणसाच्या हातून कोणतंही कर्म घडतं, तेव्हा त्यामागे पाच कारणं असतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. पुढच्याच श्लोकात ते म्हणतात की कर्म चांगलं असो की वाईट, हिशोब याच पाचांचा.

आता आपलं रोजचं बोलणं आठवा. कुठे अपघात झाला, माणूस गेला, की पहिलं वाक्य काय येतं? "वेळ भरली होती." "प्रारब्ध, दुसरं काय!" म्हणजे पाचवं कारण आपण थेट पहिल्या नंबरावर आणून ठेवतो आणि बाकीची चार मोजतच नाही. हे खरंच भक्तीचं लक्षण आहे का? आज त्यावर थोडं बोलू.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. म्हणून हा श्लोक वाचताना मला ९ जानेवारी २०२१ ची पहाट आठवतेच. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, आजारी नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्यातली बरीचशी ज्वाळांनी नाही, धुरानं गुदमरून गेली. इतकी लहान की काहींची नावंही ठेवली नसतील. तेव्हाही खूप जण म्हणाले, "देवाच्या मनात होतं."

पाच कारणं लावून बघू. परंपरेनं अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता असाही अर्थ भाष्यकारांनी घेतलाय. मी इथे थोडं ऐसपैस वाचतोय, सांभाळून घ्या.

अधिष्ठान म्हणजे जागा, ती इमारत. करण म्हणजे साधनं : वायरिंग, बाळांना ऊब देणारी यंत्रं, आग विझवायची व्यवस्था. आग विजेच्या बिघाडातून लागली, असं चौकशीत पुढे आलं. अग्निसुरक्षा यंत्रणेचा प्रस्ताव आधीच पाठवलेला होता आणि तो मंजुरीविना पडून होता, अशा बातम्याही तेव्हा आल्या. चेष्टा म्हणजे केलेली किंवा न केलेली हालचाल : तपासणी, सराव, रात्रीची फेरी. आणि कर्ता? पुढे त्या कक्षातल्या दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्यांचा दोष किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण सोळावा श्लोक इथे नेमका कामाला येतो. पाच कारणं असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता धरतो, त्याला नीट दिसत नाही, असं भगवंत म्हणतात. म्हणजे सगळं दैवावर ढकलणं चुकीचं, तसंच सगळं रात्रपाळीच्या एका माणसावर ढकलणंही चुकीचं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी 'रूट कॉज' लिहावं लागतं. त्या रकान्यात 'नशीब' लिहिलेलं मी आजवर पाहिलं नाही. 'अमक्याची चूक' एवढंच लिहिलं तरी मॅनेजर परत पाठवतो : त्याला चूक करता आली कशी, ते लिही. एका वेबसाइटसाठी आपण एवढं खणतो. जिवासाठी किती खणायला हवं?

कायदाही याच वाटेनं चालतो, याची मला गंमत वाटते. नुकसानभरपाईच्या दाव्यात 'अ‍ॅक्ट ऑफ गॉड', म्हणजे ही देवाची करणी, असा एक बचाव असतो. पण तो सहज मिळत नाही. घटना निसर्गाच्या शक्तीनं घडली, माणसाचा त्यात हात नव्हता आणि वाजवी काळजी घेऊनही ती टळली नसती, हे दाखवावं लागतं. म्हणजे आधी चार कारणं तपासा, मगच पाचव्याचं नाव घ्या. देवाचं नाव इतक्या जपून घ्यायला कोर्टानं शिकवावं आणि आपण भक्तांनी ते वाटेल तिथे वापरावं!

आणखी एक शब्द मला फार टोचतो. त्या दहा घरांना राज्य सरकारनं प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधान मदतनिधीतून २ लाख जाहीर झाले. अशा पैशाला सरकारी मराठीत 'सानुग्रह' मदत म्हणतात. अनुग्रह! आपण हा शब्द गुरूंसाठी वापरतो. अनुग्रह म्हणजे लायकी न बघता मिळालेली कृपा. पण सरकारी दवाखान्यात बाळ सुखरूप राहणं हा त्या आईचा हक्क होता. हक्क मोडला की उरतं ते ऋण, आणि ऋण फेडण्याला कृपा म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात हेच तत्त्व मांडलं : सरकारनं जगण्याचा हक्क मोडला तर भरपाई देणं ही त्याची जबाबदारी आहे. पैशानं बाळ परत येत नाही, खरंय. पण "हे आमच्याकडून झालं" हे कबूल करण्याची ती एक रीत आहे. सगळं दैवावर टाकलं की ऋणाची कृपा होते, आणि ज्याचं गेलं त्यालाच हात जोडावे लागतात.

मग "देवानं नेलं" म्हणूच नये का? मला वाटतं, कोण म्हणतंय यावर ते आहे. आई म्हणाली तर ती तिची प्रार्थना आहे, तिला कुणी टोकू नये. तेच वाक्य तपासणीचा कागद दाबून बसलेला माणूस म्हणाला, तर ती पळवाट आहे. प्रारब्ध हे स्वतःचं दुःख सोसायला दिलेलं औषध आहे, दुसऱ्याच्या दुःखावर लावायचं लेबल नाही.

म्हणून आजचा संकल्प छोटा आणि अगदी घरगुती. आपल्या राज्यात २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतींनी यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. आपल्या सोसायटीचं शेवटचं कधी दिलं, ते आज सेक्रेटरी काकांना विचारा. जिन्यातल्या सायकली आणि कुंड्या हलवा. देवघरातला दिवा पडद्यापासून लांब ठेवा, आणि बाहेर पडताना तेवत ठेवून जाऊ नका, देव रागावणार नाही. हेल्मेट घालताना नाम घ्या, पण हेल्मेट घाला.

चार कारणं आपल्या हातात दिली आहेत. ती नीट सांभाळली की पाचव्यापुढे मान खाली घालताना मन स्वच्छ असतं.

राम कृष्ण हरी.