मुक्यांची वकिली

भूतदया हा सद्गुण आहे, याविषयी आपल्याकडे दुमत नाही. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या घरांतून मुलांस सांगितली जाते, त्या घरांस दयेचे महत्त्व पटवून द्यावयास नको. ‘माणसे उपाशी असता कुत्र्यांचा कैवार कशाला?’ हा आक्षेपही आम्हांस फारसा बिकट वाटत नाही. कारण असे विचारणारा गृहस्थ उपाशी माणसांकडे नित्य जातोच, असा आमचा अनुभव नाही. बिकट प्रश्न निराळाच आहे. जो प्राणी स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या वतीने बोलणाराने कितपत खरे बोलावे?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांत भेटला नाही. एका विद्यार्थिनीच्या आग्रहावरून आम्ही काही वर्षांपूर्वी बेवारशी कुत्र्यांच्या एका निवाऱ्यात दर रविवारी जाऊ लागलो. कुत्र्यांस फिरवून आणणे आणि कुत्रा नेण्यास येणाऱ्या कुटुंबांशी बोलणे, ही दोन कामे आमच्याकडे आली. आयुष्यभर बोलण्यावरच पोट भरलेल्या प्राध्यापकास दुसरे काम अवघड वाटू नये, हे साहजिकच होते. तेथे एक तांबूस गावठी कुत्रा होता. हाक मारताच धावत यावयाचा, हात चाटावयाचा. त्याचा दोष एकच: खाताना कोणी जवळ आलेले त्यास खपत नसे, आणि एकदा त्याने झाडणाऱ्या नोकराच्या हातावर झडपही घातली होती.

निवारा तुडुंब भरला होता. एक पिंजरा रिकामा झाल्यावाचून दाराशी आणलेल्या जखमी कुत्र्यास आत घेता येत नसे. अशाच एका दिवशी एक पतिपत्नी सहा वर्षांच्या मुलास घेऊन आली. “स्वभावाने कसा आहे?” त्यांनी विचारले. “फार प्रेमळ आहे,” आम्ही उत्तरलो. उत्तर खोटे नव्हते. खाण्याच्या वेळेविषयी मात्र आम्ही अवाक्षर काढले नाही.

पाचव्या दिवशी मुलाने कुत्र्याच्या ताटलीकडे हात नेला, आणि तळहातात दात रुतला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही. म्हणून त्या कोवळ्या पोरास इंजेक्शने घ्यावी लागली. कुत्रा परत आला. वडील रागावले असते, तर आम्ही सोसले असते. ते इतकेच म्हणाले, “सर, आपण आधी सांगितले असते, तर खाण्याच्या वेळी मुलाला दूर ठेवले असते. कुत्रा परत आणावा लागला नसता.”

आमचा हिशेब किती चुकला होता, हे तेव्हा उमगले. सत्य झाकून आपण कुत्र्याचे हित साधले, अशी आमची समजूत होती. वस्तुतः मुलास जखम झाली आणि कुत्र्याच्या नावापुढे ‘मुलास चावला’ हा शेरा कायमचा लागला. दया आम्ही केली, धोका मात्र दुसऱ्याच्या लेकराने सोसला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ते हेच.

महाभारतातील युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारी कुत्र्यास सोडावयाचे नाकारले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु याच युधिष्ठिराने द्रोणांपुढे अर्धसत्य उच्चारले होते, आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला होता. आम्हांस शेवटचा युधिष्ठिर व्हावयाचे होते. झालो मात्र रणांगणावरचा.

न्यायालयातील वकिलास त्याचा पक्षकार नेमतो व काढूनही टाकू शकतो. कुत्र्याने आपणांस नेमलेले नसते, आणि आपण त्याची बाजू बिघडविली तरी त्यास तक्रार करता येत नाही. यास्तव मुक्याच्या वकिलावर सत्याचे बंधन कमी नव्हे, अधिक असते.

जी गोष्ट एका निवाऱ्याची, तीच समाजाची. १९२६ साली अहमदाबादेतील एका गिरणीमालकाने सुमारे ६० बेवारशी कुत्री मारविली, तेव्हा गांधीजींनी त्यास दोष दिला नाही आणि अनेक अहिंसावाद्यांचा रोष पत्करला. कुत्र्यास मालक नसावा आणि आपण तुकडा टाकून पुण्य जोडावे, ही त्यांच्या मते दयाच नव्हे. त्यांचा उपाय आम्हांस मान्य नाही. निदान मान्य आहे. आज मारण्यास कायद्याने पर्याय दिला आहे: निर्बीजीकरण करावे, लस टोचावी व कुत्र्यास त्याच्याच वस्तीत सोडावे. तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश ११ तारखेस दिला व २२ तारखेस तो सौम्य केला, तेव्हा देशभर जो वाद माजला, त्यात एका पक्षाच्या भाषणांत चावलेली मुले क्वचितच दिसली, आणि दुसऱ्याच्या भाषणांत वर्षानुवर्षे न झालेल्या शस्त्रक्रिया. दोन्ही पक्ष प्रेमळ होते. आमच्याप्रमाणेच दोघांनीही ताटलीविषयी मौन पाळले.

तो तांबूस कुत्रा अद्याप निवाऱ्यातच आहे. त्याच्या माहितीच्या कागदावर आता पहिलेच वाक्य असे आहे: ‘खाताना याच्याजवळ जाऊ नये.’ ते वाचून पुष्कळ मंडळी पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात, आणि दर वेळी आम्हांस वाईट वाटते. परंतु जो कोणी हे वाक्य वाचूनही थांबेल, तो त्यास परत आणणार नाही, असा आम्हांस भरवसा वाटतो.