जन्म कोणाच्या खात्यावर?

वाचकहो, ग्रंथ वाचायला डोळेच लागतात असे आता राहिलेले नाही. आमच्या देवळाली कॅम्पात रात्रपाळीचा पहारेकरी, लॅम रोडवरचा रिक्षावाला, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांच्या कानात मोबाईलची वायर असते आणि तिच्यातून कधी गाणे, तर कधी अख्खे पुस्तक ऐकू येत असते. ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले कथील आणि लाख भरावी, असे गौतम धर्मसूत्राने लिहून ठेवले आहे. उलट तथागतांचा उपदेश कित्येक शतके भिक्खूंनी कानांनीच जपला. तो लिहून काढला गेला सिंहलद्वीपात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. आणि आपली चळवळ? सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी ऐकून ज्यांना बाबासाहेब कळले, अशी किती माणसे आपल्या वस्त्यांतून होती! तेव्हा ऐकलेले ज्ञान दुय्यम, असे निदान आपण पदवीधरांनी तरी म्हणू नये.

माझा प्रश्न वेगळा आहे. हे सारे ऐकून झाल्यावर माणूस आपल्या जन्माचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडतो?

कारण एकाच मोबाईलमध्ये तीन तऱ्हेचे ग्रंथ शेजारी शेजारी बसलेले असतात. पहिला धर्माचा. तो गोड आवाजात सांगतो की आजचे दुःख हे मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ आहे. दुसरा योगायोगाचा. नसीम निकोलस तालेब यांचे २००१ चे ‘फूल्ड बाय रँडमनेस’ घ्या. शेअरबाजारात नुसत्या योगायोगाने श्रीमंत झालेला माणूस ती आपली हुशारी समजतो, असे ते दाखवतात. तिसरा अर्थकारणाचा. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात मांडले की भांडवलावरचा परतावा अर्थव्यवस्थेच्या वाढीहून अधिक राहिला, तर वडिलार्जित संपत्ती श्रमाच्या कमाईला मागे टाकत जाते.

योगायोगाच्या ग्रंथांवर माझा राग नाही. ते बंगल्यातल्या माणसाचा गर्व उतरवतात, आणि कर्मविपाकापेक्षा हे केव्हाही बरे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारी मी पहिली. नातेवाईक म्हणतात, पोरीने नशीब काढले. पण हाच शब्द माझ्या वर्गातून शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलासाठीही वापरला जातो. ‘त्याचे नशीबच तसे’ म्हटले की फी, शिष्यवृत्ती, बापाची मजुरी यांबद्दल कोणी कोणाला काही विचारत नाही.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तथागतांनी तीन मतांची झडती घेतली आहे. माणसाच्या वाट्याला जे सुखदुःख येते ते सारे पूर्वकर्माने येते, हे एक. ते सारे ईश्वर निर्माण करतो, हे दुसरे. आणि त्याला कारणच नाही, ते आपोआप घडते, हे तिसरे. तिघांनाही त्यांनी एकच विचारले: असे असेल तर हत्या करणाराही पूर्वकर्माने, ईश्वराने किंवा विनाकारणच हत्यारा ठरला; मग हे करावे, ते करू नये, या इच्छेला आणि प्रयत्नाला जागा कोठे उरते? नशीबवादाला आपण आधुनिक समजतो, पण त्याचा चुलतभाऊ तथागतांच्या दारात उभा राहून गेलेला आहे.

आता छावणीचेच उदाहरण घेऊ. आपला कॅम्प तोफखान्याच्या शाळेचा. छावणी म्हटले की महू आठवणारच. बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ रोजी तेथे जन्मले. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैनिकांच्या मुलाबाळांना शिक्षण द्यायचे हे सैन्याचे धोरण होते, म्हणून त्या घरात अक्षर आले. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली, तेही धोरणच. मग पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, ती कोणाच्या ग्रहदशेमुळे नव्हे. मागणी लावून धरली म्हणून. बाळ कोणत्या घरी जन्मावे हा योगायोग म्हणा हवे तर. पण त्या घरी जन्मल्यावर शाळेचे दार उघडे की बंद, हे माणसांनी ठरवले होते, सहीशिक्क्यानिशी.

आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हाच हिशेब जाहीरपणे मांडला. हिंदू म्हणून जन्माला येणे त्यांच्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरायचे की नाही हे त्यांच्या हाती होते. धर्मांतराचा सारा नैतिक आधार या फरकावर उभा आहे. जन्म पूर्वकर्माचे फळ मानला असता तर धर्म बदलणे ही पळवाट ठरली असती.

अर्थकारणाचे ग्रंथ ऐकणाऱ्यांनाही थोडे बोलायला हवे. ‘सारे व्यवस्थेमुळे’ असे म्हणून स्वस्थ बसणारा माणूसही नशीबवाद्यासारखाच स्वस्थ बसतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले, ते शोषण संपवण्याच्या ध्येयाशी भांडण म्हणून नव्हे. हिंसा आणि हुकूमशाही या साधनांना त्यांचा विरोध होता. माणसाचे मन पालटल्यावाचून व्यवस्था टिकत नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

राहिली ऐकण्याची रीत. कानातला आवाज थांबत नाही, शंका विचारू देत नाही, आणि दीडपट वेगाने लावला तर विचारही करू देत नाही. नुसते ऐकले म्हणून मानू नका, असे तथागत कालामांना बजावून गेले. वायर काढा. विहारात रविवारी एक छोटा स्पीकर लावला तर दहा घरांना पुरतो. एक प्रकरण ऐकावे, बंद करावे, आणि जो निवेदकाला अडवता येत नाही तो प्रश्न शेजारी बसलेल्याला विचारावा. पहारेकऱ्याला पहिल्यांदा बोलू द्यावे. सबंध रात्रभर तो एकटाच ऐकत असतो.