स्वस्त सिगारचा हिशेब

सिगार म्हणजे तंबाखूच्याच पानात गुंडाळलेली तंबाखू. सिगारेटला कागद लागतो, विडीला तेंदूचे पान लागते. सिगारमध्ये मात्र आतला भरणा, तो आवळून धरणारे मधले पान आणि बाहेरून दिसणारे आवरणाचे पान ही तिन्ही तंबाखूचीच असतात. पाने उतरवल्यावर ती आधी वाळवतात, मग ढीग लावून आंबवतात आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मुरू देतात. या मुरण्याने पानातला उग्रपणा कमी होतो आणि चव येते. सिगार महाग होते ती मुख्यतः तीन गोष्टींमुळे: निवडक पान, मुरण्याला दिलेला वेळ आणि वळणाऱ्याचा हात. किंमत उतरवायची तर यांतलेच काहीतरी कमी करावे लागते.

बहुतेक स्वस्त सिगारमध्ये अखंड पानांऐवजी कापलेल्या पानांचा चुरा भरलेला असतो. मधल्या पानाच्या जागी तंबाखूच्या लगद्यापासून केलेला पातळ पापुद्रा वापरतात आणि वळण्याचे काम यंत्र करते. काही कारखाने हाताने वळलेल्या, पण रंगात किंवा आकारात किंचित उणे ठरलेल्या सिगार वेगळ्या काढून जुडीने कमी दरात विकतात. त्यामुळे स्वस्त सिगारचे दोन प्रकार पडतात: एक मुळातच स्वस्तात बनवलेली, दुसरी चांगल्या मालातून दिसण्यापायी बाजूला पडलेली. अधूनमधून ओढणारा माणूस निरनिराळे ब्रँड आजमावतो तेव्हा खरे तर तो हाच फरक ओळखायला शिकत असतो.

ओळखायच्या खुणाही ठरलेल्या आहेत. बोटांनी हलके दाबल्यावर सिगार सगळीकडे सारखी लागली पाहिजे. मध्येच टणक गाठ किंवा पोकळ जागा असेल तर ती एका बाजूने जळत जाते. पेटवण्याआधी कोरडा झुरका घेतला की हवा मोकळी येते की अडते ते कळते. चुऱ्याची सिगार लवकर तापते, तिची राख पटकन गळते आणि निम्म्यावर आली की जीभ चरचरते. अखंड पानांची सिगार थंड जळते आणि तिची राख बराच वेळ टिकून राहते. घाईघाईने ओढली तर चांगली सिगारही कडू होते; जाणकार मिनिटाला एखादाच झुरका घेतात.

पुण्याजवळच्या मावळात या सगळ्याला हवामानाची जोड मिळते. सिगार साठवायला हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. तळेगाव ओलांडून वडगाव, कान्हे, कामशेत असे लोणावळ्याकडे जावे तसा पाऊस वाढत जातो आणि आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावरची हवा याहून कितीतरी ओली असते. अशा दिवसांत उघडी ठेवलेली सिगार फुगते, आवरणाचे पान उकलते, बुरशी धरते. तीच सिगार चैत्र-वैशाखात कोरडी पडून तडकते. विडीलाही हवा बाधते. सादळलेली विडी पेटत नाही, म्हणून कारखान्यात विड्या शेकून घेतात.

तंबाखू भारतात पोर्तुगीजांबरोबर आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित चिलीम घेऊन गेला. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी बादशहासमोर ती पेश झाली. पुढे इंग्रजी अमदानीत तिरुचिरापल्ली आणि दिंडीगल या भागांत चिरुटांचा धंदा वाढला आणि ‘त्रिचनापल्ली’ चिरूट विलायतेपर्यंत पोचले. महाराष्ट्रात तशी परंपरा उभी राहिली नाही. इथे हाताने वळलेल्या स्वस्त धुराची जागा विडीने घेतली. तेंदू गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत मुबलक होता, तंबाखू निपाणी आणि गुजरातेतल्या चरोतरातून येत होती आणि वळणारे हात सिन्नर, संगमनेर, सोलापुरात मिळत होते. स्वस्त सिगारचा प्रश्न मराठी मुलखात विचारायचा झाला तर तो विडीलाही विचारावा लागतो.

विडी कुठून येते, हे कान्हे गावातून नीट दिसते. मावळ भाताचा मुलूख. इंद्रायणी हा तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातच विकसित झाला. तंबाखू इथले पीक नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कान्हे फाट्यासारख्या ठिकाणच्या टपरीत मिळणारी प्रत्येक विडी बाहेरून आलेली असते. उन्हाळ्यात गडचिरोलीतली कुटुंबे पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पाने तोडतात आणि त्यांचे पुडे बांधून फडावर देतात. पुढे सोलापुरात किंवा सिन्नरमध्ये एखादी बाई पाने भिजवते, साचा ठेवून कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू भरते, वळते, टोक दुमडते आणि दोऱ्याने बांधते. मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. मालकाने सदोष ठरवलेल्या विड्या बाजूला पडल्या की त्यांची मेहनतही बुडते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसल्याने पाठ आणि मान धरते, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, आणि काम घरातच असल्याने ती लेकराबाळांच्याही अंगावर येते.

संसदेने 1966 मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी एकच कायदा केला. विडी आणि सिगार या दोन वस्तूंचे गिऱ्हाईक वेगळे असले तरी कायद्याने त्या घडवणारे हात एकाच रांगेत बसवले. घरी बसून काम करणाऱ्या बाईलाही या कायद्याने कामगार मानले. कच्चा माल किती दिला, किती विड्या नाकारल्या, नाकारलेल्यांची मजुरी द्यायची की नाही, या वादांचा निवाडाही त्यात ठेवला. कायदा झाला तरी त्यातले हक्क कामगारांना झगडूनच मिळवावे लागले. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. 1981 मध्ये तिथल्याच तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी महामार्गावर ठिय्या दिला, त्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली तीही दीर्घ लढ्यानंतर. पिकवणारा आणि वळणारी यांच्या वाट्याला काय येते, यावर विडीचा स्वस्तपणा बराचसा उभा आहे.

किंमत आणखी एका ठिकाणी चुकती होते, ती ओढणाऱ्याच्या शरीरात. विडीत तंबाखू जेमतेम 0.2 ग्रॅम असते. मोठ्या सिगारमध्ये 5 ते 17 ग्रॅम, म्हणजे कधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी. विडी लहान म्हणून सौम्य, ही समजूत चुकीची आहे. तेंदूचे पान हवा फारशी आत घेत नाही, त्यामुळे विडी विझू नये म्हणून जोराने आणि वारंवार ओढावे लागते आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड छातीत अधिक जातात. सिगारबद्दलची समजूत याच्या उलट आहे: धूर गिळला नाही की अपाय नाही. पण सिगारच्या धुरातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर आत न ओढताही वाढतो.

अधूनमधून ओढणाऱ्याला ‘कधीमधीच’ या शब्दाचा जो आधार वाटतो, तोही तोकडा आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, रोज 20 सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका जादा धोका येतो, त्याचा जवळपास निम्मा रोज एका सिगारेटीनेही येतो. प्रमाण वीसपट कमी केल्याने धोका वीसपट कमी होत नाही. शिवाय निकोटीन सवय लावते. निरनिराळे ब्रँड आजमावण्याच्या हौसेत प्रत्येक नवा ब्रँड पेटवण्याचे एक नवे निमित्त ठरतो, आणि माल स्वस्त असला की निमित्तांना आवर राहत नाही. महागड्या सिगारला किंमतच लगाम घालते. स्वस्त सिगारला असा लगाम नसतो.

हे ओळखूनच कायद्याने किंमत आणि उपलब्धता या दोन्हींवर हात ठेवला आहे. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा सिगारेट, सिगार, चिरूट आणि विडी यांना सारखाच लागू आहे. अठरा वर्षांखालच्यांना आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावरची बंदी कडक झाली आणि 2016 पासून वेष्टनाचा 85 टक्के भाग धोक्याच्या सचित्र इशाऱ्याला द्यावा लागतो. महाराष्ट्राने 2020 मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, कारण एकेक घेता आली की सुरुवात सोपी होते. करात मात्र भेद आहे: सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारला 40 टक्क्यांच्या गटात ठेवायचे आणि विडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचे ठरवले. विडी कामगारांचा रोजगार टिकावा ही त्यामागची बाजू खरी आहे. पण गरिबाच्या फुप्फुसाला मिळणारे संरक्षण त्याने उणे होते, हेही तितकेच खरे आहे. वळणाऱ्या बाईला दुसरे काम मिळवून देणे हा दोन्ही बाजू सांभाळणारा मार्ग आहे, आणि तो करसवलतीपेक्षा कठीण आहे.

चव ओळखणे ही खरी कला आहे आणि पानाची पारख करणाऱ्याची जाण आदर करण्याजोगी आहे. पण पारख पुरती व्हायची तर ती जिभेपाशी थांबून चालत नाही. सिगार असो की विडी, ती स्वस्त पडते तेव्हा उरलेली रक्कम पान पिकवणारा, वळणारी बाई आणि ओढणारा स्वतः अशी वाटून भरत असतो. ब्रँडची तुलना करताना या तिन्ही रकमा छापील किमतीत मिळवल्या, तर स्वस्त म्हणावा असा धूर बाजारात उरत नाही.