घासाघीस आणि न्याय्य किंमत

नवी मोटारगाडी ही आता आमच्या धर्मग्रामांतही नवलाची वस्तू राहिलेली नाही. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हार घातलेली एखादी गाडी आशीर्वादासाठी उभी असते, आणि पवित्र जल शिंपडून होते न होते तोच जमलेल्यांपैकी कोणीतरी विचारतो, "कितीला पडली?" या प्रश्नाचे उत्तर दोन तऱ्हांनी येते. एकजण अमुक इतके कमी करून घेतल्याचे अभिमानाने सांगतो. दुसरा आकडा सांगतो आणि ऐकणाऱ्यांच्या मुद्रा पाहून ओशाळतो. गाडी तीच, महिना तोच, शहर तेच. किमती मात्र दोन. ज्याला बोलता आले त्याला स्वस्त, जो भिडस्त त्याला महाग. या फरकाला आपण व्यवहार म्हणतो. तो न्याय आहे काय, हा प्रश्न आम्हांला येथे विचारावयाचा आहे.

कोणी म्हणेल की न्याय्य किमतीची चर्चा धान्याची करावी, औषधाची करावी, मजुरीची करावी. हौसेच्या मोटारीची कशाला? परंतु नाशिककरांना ही हौस परकी नाही. तरुणांना वेड लावणारी 'थार' ही गाडी नाशिकच्याच कारखान्यात तयार होऊ लागली. अभियंत्यांच्या व्याख्येत ती स्पोर्ट्स कार बसणार नाही, पण आमच्या तरुणांच्या मनातील ती जागा तिनेच घेतली आहे. २०२० साली तिची नवी आवृत्ती आली तेव्हा प्रारंभीची शोरूम किंमत ९ लाख ८० हजार रुपये होती. पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा मात्र लिलाव झाला आणि ती १ कोटी ११ लाखांना गेली. ती रक्कम मदतकार्यासाठी होती. आता प्रश्न असा, की दहापटीहून अधिक किंमत देणारा तो ग्राहक लुबाडला गेला काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी खरेदीविक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात याचे उत्तर सापडते. ते म्हणतात, वस्तू देऊन टाकल्याने विक्रेत्याचे विशेष नुकसान होत असेल तर त्याने ते किमतीत धरावे. परंतु त्याचे काही नुकसान नसून केवळ घेणाऱ्याला तिची गरज वा लाभ मोठा आहे, एवढ्यासाठी त्याने किंमत वाढवू नये. कारण ती गरज घेणाऱ्याची आहे, विक्रेत्याची नव्हे, आणि जे आपले नाही ते कोणाला विकता येत नाही. घेणाऱ्याने आपण होऊन वरचढ दिले तर तो त्याचा मोठेपणा. लिलावातील तो ग्राहक सर्व काही जाणून स्वेच्छेने देत होता. शोरूममध्ये उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांतील चमक पाहून मनातल्या मनात आकडा वाढविणारा विक्रेता मात्र त्या मुलाची हौसच त्याला विकत असतो.

सरकारने यावर उपाय करून पाहिला नाही असे नाही. १९६९ साली ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड या तिन्ही गाड्यांच्या किमती हुकुमाने बांधून देण्यात आल्या. कारखानदार न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाला मोटारीच्या 'न्याय्य किमती'चा विचार करावा लागला: उत्पादनाचा खर्च किती, आणि त्यावर भांडवलाला वाजवी मोबदला किती. हिशेब चोख होता. परंतु गाड्या थोड्या, मागणारे फार. वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि ज्याचा नंबर लागे तो पुष्कळदा तीच गाडी वरकड पैसे घेऊन दुसऱ्याला देई. किंमत बांधली गेली, लोभ मोकळाच राहिला. १९९३ साली मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले, स्पर्धा आली, नंबर गेले. आज जे उरले आहे ते टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांतले बोलणे.

आमच्याकडील जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची जुनी चाल आहे. शहरी माणसाला ती संशयास्पद वाटते. पण तेथे बैल उघडा उभा असतो. त्याचे दात मोजता येतात, त्याला चालवून पाहता येते. रुमाल असतो तो भोवतालच्या बघ्यांसाठी. दलाल प्रामाणिक असेल तर घेणारा आणि देणारा यांच्यात काही झाकलेले नसते. शोरूममध्ये काचेच्या भिंती असतात, दिव्यांचा झगझगाट असतो, रुमाल कोठेच दिसत नाही. तरीही किमतीचा कागद पाहावा. शोरूम किंमत, रस्ता कर आणि नोंदणी ही ठरलेली असतात. दहा लाखांवरील गाडीसाठी घेतला जाणारा एक टक्का कर आयकराच्या विवरणपत्रात वजा मिळतो, हे सांगितले जातेच असे नाही. विमा कोठूनही घेता येतो. वाढीव हमी, सीटकव्हर, चटया, रंगरक्षक लेप हे सारे ऐच्छिक. 'हाताळणी खर्च' नावाची रक्कम कोणत्या सरकारी खात्यात जाते, असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण ती तेथे जातच नाही.

अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करणारा आमचा एक तरुण असा कागद घेऊन आमच्याकडे आला होता. कोणत्या गाडीचा, कोणत्या दुकानाचा, हे येथे महत्त्वाचे नाही. विमा आमचाच घ्यावा लागेल, साहित्याचा संच सक्तीचा आहे, असे त्याला तोंडी सांगण्यात आले होते. आम्ही त्याला एवढेच सुचविले की सक्ती आहे असे लिहून मागावे. लिहून कोणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी कागदावरून शेहेचाळीस हजार रुपये उतरले. त्याच्या घरी आनंद झाला. आमच्या मनात मात्र त्याच आठवड्यात त्याच दुकानातून गाडी घेतलेला त्याचा सोबती राहिला. त्याने कागद न विचारता सही केली होती. सही त्याची स्वतःची, जबरदस्ती कोणी केली नाही. मग अन्याय कोठे झाला? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली मजुरीविषयी सांगितले, की निरुपायाने दिलेली संमती कमी मजुरीला न्याय्य करीत नाही. १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी तोच विचार राष्ट्राराष्ट्रांतील व्यापाराला लावला. गाडी घेणारा निरुपाय नसतो हे खरे. पण तो अजाण असू शकतो, आणि अजाणतेची संमती ही आमच्या मते अर्धीच संमती.

येथवर वाचून ग्राहक सुखावला असेल. परंतु बायबलमधील नीतिसूत्रांत त्याचेही चित्र आहे: घेताना मालाला नावे ठेवणारा आणि घरी जाताना आपल्या हुशारीची बढाई मारणारा. संत ऑगस्टिन एका माणसाची हकीकत सांगतात. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकावयास आले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नसल्याने त्याने क्षुल्लक किंमत मागितली, आणि या गृहस्थाने न मागता योग्य ती मोठी किंमत दिली. महिनाअखेरीस शोरूममध्ये जावे, तेव्हा विक्रेते हातघाईला आलेले असतात, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. ठरलेल्या गाड्या खपल्या म्हणून कंपनी वितरकाला जे बक्षीस देते, त्यातला वाटा मागण्यात गैर काही नाही. पण अनेक ठिकाणी शेवटचे चार-पाच हजार कंपनीच्या खिशातून येत नाहीत, वितरकाच्याही नाहीत. ते समोर बसलेल्या, तुटपुंज्या पगारावर दर गाडीमागे काही मिळेल या आशेने काम करणाऱ्या मुलाच्या वाट्यातून येतात. खरेदीदाराची हौस जशी विक्रेत्याची नव्हे, तशी त्या मुलाची महिनाअखेर खरेदीदाराची नव्हे.

असा एक मुलगा आमच्या गायनवृंदात आहे. २०२५ च्या ३ सप्टेंबरला लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार असे जाहीर झाले, आणि तो २२ तारखेपासून लागू झाला. मधल्या दिवसांत वृत्तपत्र न वाचणारा एखादा शेतकरी द्राक्षाचे पैसे घेऊन आला तर त्याला थांबा म्हणावे काय, असे त्याने आम्हांला विचारले होते. त्याला आम्ही अक्विनसचा धान्यवाला सांगितला. दुष्काळी गावात तो पहिला पोहोचतो, मागून आणखी गाड्या येत आहेत हे त्याला माहीत असते. ते सांगणे न्यायाने त्याला बंधनकारक नाही, पण सांगितले तर तो अधिक सद्‌गुणी ठरेल, असे संत म्हणतात. मुलाने शांतपणे ऐकून घेतले. मग त्याने विचारले, "फादर, त्या धान्यवाल्याला महिन्याचे टार्गेट होते का?"