अर्धी वाकळ कोणाची?

अम्मी 2019 च्या पावसाळ्यात गेली. चाळिसावा झाल्यावर आम्ही तिघी बहिणींनी तिची पत्र्याची पेटी उघडली. कपडे गरजूंना द्यायचे, एवढंच डोक्यात होतं. तळाशी तीन अर्धवट वाकळा निघाल्या. आमच्या मिरजेकडे वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी, घरातल्या बोलीत गुदडी. पहिलं होतं बाळाचं दुपटं, थोरलीच्या नातवासाठी घेतलेलं. दुसरी घरातल्या वापराची. तिसरीपाशी मात्र आमचे हात थांबले. मधोमध हिरव्या ओढणीचा तुकडा कच्च्या टाक्यांनी टाचलेला होता. ती ओढणी आमच्या भाभीच्या निकाहातली.

वाकळ शिवायला लागतं काय? जुनी लुगडी, फाटक्या लुंग्या, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर. अंगणात पसरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, थरावर थर द्यायचे, वर त्यातल्या त्यात बऱ्या कापडाचे तुकडे. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचं. रोजची अख्खी दुपार मिळाली तर महिना-दीड महिन्यात एक वाकळ होते. अख्खी दुपार कोणत्या बाईला मिळते, ते सोडा. सांगायचं एवढंच की अर्धी वाकळ कडेला घट्ट आणि पोटात मोकळी असते. तशीच पांघरली तर आतले थर गोळा होतात.

भाभीची वाकळ तीन बाजूंनी शिवून झाली होती आणि चौथ्या बाजूला सुई तशीच खुपसलेली, गंजलेली. ती कधी थांबली ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. 2008 साली भाऊ-भाभीनं वेगळी चूल मांडली. कोणाचं चुकलं हे इथं लिहीत नाही; दोन्हीकडून बोललं गेलं होतं. अम्मीनं त्या दिवसापासून ती सुई हातात घेतली नाही.

आता या वाकळेचं करायचं काय? प्रश्न साधा वाटला, पण त्यावर आमच्या तीन दुपारी गेल्या.

आपल्या शरियतीत हिबा पुरा व्हायला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्यानं देतो म्हणायचं, घेणाऱ्यानं कबूल करायचं, आणि वस्तू ताब्यात जायची. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले दानाचे नियमही आपल्या हिब्याला हात लावत नाहीत. हजरत अबू बक्र यांनी आपल्या लेकीला, हजरत आयेशांना, खजुराचं वीस वस्क उत्पन्न देऊ केलं होतं. ते ताब्यात जायच्या आधीच त्यांचा अखेरचा आजार आला. तेव्हा त्यांनी लेकीला समजावलं की तोडणी करून ताब्यात घेतलं असतंस तर ते तुझं होतं, आज ते सगळ्या वारसांचं आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये ही हकीकत आहे. या बापाचं लेकीवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण देण्याची इच्छा आणि दिलेली वस्तू यांत त्यांनी गफलत होऊ दिली नाही.

हा हिशोब आमच्या पेटीला लावला तर काय होतं? अब्बा आधीच गेलेले. भावाचे दोन हिस्से, आम्हा तिघींचा एकेक. पाच तुकडे. धाकटी म्हणाली, "कात्री आणू का?" आम्ही हसलो आणि लगेच गप्प झालो. कारण सून वारसांत येत नाही. जिच्यासाठी वाकळ घेतली तिचा तिच्यात धागाभरसुद्धा हक्क नव्हता.

थोरलीचं म्हणणं होतं, चौथी बाजू आपण शिवू, मधलं भरू, आणि भाभीला देताना सांगू की अम्मीनं तुझ्यासाठी करून ठेवली होती. त्यात नुकसान कोणाचं? मधलीला हे मान्य नव्हतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला बरं वाटेल ते घालायचं, हे तिला खोटं वाटत होतं. अम्मी रागावली होती; तो राग बरोबर असो की चूक, तिचा होता. ती हयात असताना मिटवायला आपण काही केलं नाही, आणि आता चार दुपारी सुई चालवून मिटवायचा? धाकटीनं वेगळाच मुद्दा काढला. एवढा राग होता तर अम्मीनं ती उसवली का नाही? कापड दुसऱ्या वाकळेला लावता आलं असतं. ती तर चिंधीही वाया घालवत नसे. मग अकरा वर्षं दरवर्षी ऊन दाखवून, डांबराच्या गोळ्या घालून का सांभाळली?

याचं उत्तर आमच्याकडे नाही. अम्मीकडे तरी होतं का, कोण जाणे.

चांगल्या कामाची नियत केली आणि काम हातून झालं नाही, तरी एक नेकी लिहिली जाते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. खरं सांगायचं तर या दिलाशाच्या आडोशाला आम्ही स्वतः कितीतरी वाकळा अर्ध्या टाकल्या आहेत. तिघींच्या घरी मिळून सात निघाल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी घेतलेली, भाच्याच्या लग्नासाठी घेतलेली. लग्न झालं, आम्ही बाजारातून सोलापुरी चादर आणून दिली, अर्धी वाकळ कपाटावर गेली. सुरुवात करताना घरभर सांगून झालेलं असतं, कौतुकही घेऊन झालेलं असतं. देण्याचं सुख असं आगाऊ वसूल झालं की मग टाके घालायला बोटं का दुखवावीत? नियतीची सवलत अडलेल्यासाठी आहे असं आम्ही समजतो. आम्ही अडलेल्या नव्हतो.

आणि पुरी झाली असं म्हणायचं तरी केव्हा? उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी बाया कवंडी शिवतात. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्तीही आहेत. त्याही जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून आत शिवत नेतात. चारी कोपऱ्यांवर तिकोनी कापडाची फुलं लावली नाहीत तर कवंडी उघडी राहिली असं त्या मानतात. त्या फुलांनी ऊब काही वाढत नाही. तरी ती लावल्याशिवाय काम संपत नाही. अम्मीच्या वाकळेत टाके अपुरे होते, पण ती ज्या अर्थानं अपुरी होती तो टाक्यांत बसणारा नव्हता, एवढं आम्हाला हळूहळू कळलं.

शेवटी भावाला बोलावलं. सगळं सांगितलं. चौघांनी आपापले हिस्से सोडले आणि ठरवलं की ही भेट अम्मीची म्हणून द्यायची नाही. अम्मीनं सुरू केली, अम्मीनं थांबवली, आणि आज आम्ही चौघं देतोय, असंच बोलायचं. थोरलीला हे फार कोरडं वाटलं, पण ती आली.

भाभीनं वाकळ मांडीवर घेतली, हिरव्या तुकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मेरेकू मालूम था."

अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी शाल काढायला म्हणून तिनं पेटी उघडली होती. पाहिलं, पुन्हा होती तशी घडी घातली. आम्ही विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले असते तर अम्मीला एक तर पुरी करावी लागली असती, नाहीतर नाही म्हणावं लागलं असतं. दोन्ही त्यांना जड गेलं असतं." आम्ही तिघींनी तीन दुपारी वाद घातला होता. त्यात हा विचार एकीच्याही मनात आला नव्हता.

भाभीनं त्या वाकळेला अजून एकही टाका घातलेला नाही. सुई मात्र काढून ठेवली, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. थोरली दर ईदला विचारते, आता तरी शिवणार का? भाभी शीरखुर्मा पुढं करते.

दुपटं आम्ही पुरं करायला घेतलंय. ज्याच्यासाठी होतं तो आता चौथीत आहे. त्याच्या पायापर्यंत पुरावं म्हणून खाली अम्मीच्या लुगड्याचं दोन हात कापड जोडावं लागलं.