भुंगा शहाणा की खुळा?

ज्ञानेश्वरीच्या एका पारायणात पहिला अध्याय संपला, तेव्हा मागे बसलेल्या एका वृद्ध माळकऱ्याने विचारले, "बुवा, माउलींनी एकाच अध्यायात दोनदा भुंगा आणलाय. पहिला पराग घेऊन जातो, पाकळीला पत्ताही लागू देत नाही. दुसरा कोरडं लाकूड पोखरतो, पण कोवळ्या कळीत अडकून जीव देतो. मग भुंगा शहाणा म्हणायचा का खुळा?"

मंडळी हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. नित्य वाचणाऱ्यांचेही पुष्कळदा इथेच चुकते.

गीतेच्या पहिल्या अध्यायात हा भुंगा नाही. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवाशास गीतार्थ सांगताना माउलींनी तो आपल्या पदरचा घातला. कशासाठी, हे ज्याचे त्याने शोधावे. दृष्टांताला दोन पाय असतात. एक 'जैसे', दुसरा 'तैसे'. आपण 'जैसे'पाशीच रमतो. भुंगा दिसला, कमळ दिसले, मन भरले! पण 'तैसे' काय जोडले आहे ते पाहिल्याखेरीज अर्थ हाती लागत नाही.

पहिल्या भुंग्याला जोडला आहे श्रोता. ग्रंथ कसा सेवावा, तर असा हळुवार, सार तेवढे घेऊन. तिथेच चांदण्यातले अमृतकण वेचणारी चकोराची पिले आहेत, जागा न सोडता चंद्राला भेटणारी कुमुदिनी आहे. दुसऱ्या भुंग्याला जोडला आहे अर्जुन. ज्याने शंकराशी झुंज घेतली, तो आप्तांना समोर पाहून क्षणात विरघळला. म्हणजे भुंगा शहाणाही नाही नि खुळाही नाही. ज्या कामाला बोलावला, तेवढ्यापुरता तो खरा. जुनी माणसे म्हणतात ना, दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले, तर त्यावर डाग कुणी शोधत नाही.

एवढे सांगितल्यावर म्हातारबुवांचे समाधान होईल असे वाटले होते. पण ते हळूच म्हणाले, "म्हणजे लेकराबाळांवर माया करणं हा अडकणंच झालं का? घरी नातू आजारी आहे. माझं चित्त पोथीत नाही."

आता प्रश्न भुंग्याचा राहिला नव्हता.

आम्ही म्हटले, "बाबा, दृष्टांत पुन्हा पाहा. लाकूड पोखरणाऱ्याला पाकळी फाडता आली नसती का? तो प्राण देतो, पण ती चिरत नाही. माउलींनी मोहाला बेडी म्हटले नाही, दोरखंड म्हटले नाही. कोवळी पाकळी म्हटले. अर्जुन चुकला, पण त्याची चूक सांगतानाही माउलींचा हात त्याच्या पाठीवर आहे. शुष्क सिद्धांताने मोह वाईट एवढेच कळले असते. तो इतका बलवान का, हे त्या कळीने कळते. बळाला बळाने जिंकता येते, कोवळेपणापुढे बळ चालत नाही."

आणखी एक गोष्ट आमच्या मनात आली. दोन्ही भुंगे पाकळीला दुखवीत नाहीत. मात्र एक निघू शकतो, दुसरा निघू शकत नाही. माया करावी, पण निघण्याची वाट ठेवावी, असे आम्हांला वाटते. पण हे आमचे चिंतन झाले. माउलींनी ते दोन भुंगे शेजारी बसवलेले नाहीत, आम्ही बसवले. व्यासपीठावरून बोलणाऱ्याने हा भेद उघड सांगावा. आपल्या मनातले माउलींच्या नावावर खपवणे ही श्रोत्यांची फसवणूक आहे, मग ते कितीही गोड असो.

म्हातारबुवा उठले. म्हणाले, "तर मग मी घरी जातो. पोथी उद्याही आहे."

आम्ही त्यांना थांबवले नाही.

रामकृष्णहरि.